वांग्यांनी आटलेलं दूध

या, जवळ सरका, चहा घ्या. आमच्या कोम-जुम्मेझ गावातली गोष्ट सांगते, आणि तिच्यातली चेटकीण म्हणजे मीच.

गुरुवार होता. शेख दर्दीरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी बदक आणलेलं, कुणी तुपाचा डबा. मधोमध शेख, हिरवा फेटा, समोर कुराणाच्या आयती कोरलेलं पितळी भांडं. मला गाणाऱ्या प्रवचनकारांचा भारी नाद. डफावर थाप पडली की माझ्या डोळ्यांना धार लागते. आणि या मेल्याचा गळा गोड होता हो!

पुढे माझी शेजारीण बदरिया बसली होती, तीन दिवसांची बाळंतीण. मांडीवर लेक. सातव्या दिवशी एकेका नावाची मेणबत्ती लावायची, जी जास्त वेळ जळेल तिचं नाव ठेवायचं. तोवर ती नुसती ‘बाळी’. पण बाळी सातवा दिवस बघेल की नाही, याचीच धास्ती पडली होती. ओठ सुकलेले, रडण्यात जोर नाही, कालपासून दुपटं कोरडं.

बदरियाची सासू, हाज्जा सित्तोहुम, सांगू लागली, “शेखसाहेब, पहिल्या दिवशी दूध पिवळं आलं, चिकट. नासकंच! मी ते पिळून टाकायला लावलं. आता तेही नाही.”

बदरियाने कसंबसं पिळून वाटीत आणलं होतं, त्यातले चार थेंब शेखने भांड्यात टाकले. मग सुरईतलं फिकं गुलाबी ‘जन्नतचं पाणी’ ओतलं. अल्ला! पाणी निळंहिरवं झालं. बायका किंचाळल्या.

“बाधा!” शेख गाऊनच म्हणाला. “बाळंतिणीच्या खोलीत कुणीतरी वांगी घेऊन शिरलंय!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वांगी मीच नेली होती, भरून करायला. आमच्याकडे बाळंतिणीकडे वांगी नेत नाहीत, दूध आटतं म्हणतात. मला ते माहीत होतं, विसरले. मी खाली बघितलं. खरं सांगते, माझाही विश्वास बसला होता.

“चाळीस दिवस छातीला लावायचं नाही,” शेखने हुकूम सोडला. “माझं मंतरलेलं साखरपाणी पाजा.”

“आणि चाळीस दिवसांनी कोणाला पाजायचं? कबरीला?”

मागून आवाज आला. आरोग्य केंद्रातली नर्स, हकीमा इन्साफ. आमच्यातलीच, उन्हाने रापलेली, जिभेला धार. तिने झाकलेला पेला पुढे केला. “शेखसाहेब, आणखी एका बाळंतिणीचं दूध आहे. बघा जरा.”

थेंब, सुरई, आणि पुन्हा निळंहिरवं!

“घोर बाधा!” शेखने छाती पिटली. “कोण ही अभागिनी?”

“तुमची म्हैस. दूध तुमच्याच बायकोने सकाळी काढून दिलं.”

हशा पिकला. शेख डगमगला नाही. “जिन्न गोठ्यातही शिरतात!”

“मग पंपाचं पाणी बघू,” हकीमा म्हणाली. त्याने आधी तळ बाहीने पुसून घेतला, पाणी टाकलं, सुरई ओतली. तेही निळं.

“आता पंपालाही वांगी दाखवली की काय?” मी म्हणाले. हसून हसून अंगण फुटायचं बाकी राहिलं.

हकीमाने भांडं उचललं, अर्धं लिंबू घेऊन आतून घासलं, विसळलं. बदरियाच्या वाटीतलं उरलेलं दूध टाकलं, सुरई ओतली. गुलाबी ते गुलाबीच राहिलं. तिने शेखची बाही उलटी केली, आत पांढरी पूड, पुसताना तीच भांड्याला लागत होती.

हाज्जाने ती चिमटीत घेतली, जिभेला लावली. मग सुरई हुंगली.

“हा तर धुण्याचा सोडा! आणि हे पाणी… अगं बायांनो, हे करकदे आहे! साठ वर्षं मी करकदेचे पेले सोड्याने धुतेय, दर वेळी गाळ निळा होतो! रोज बघते आणि…”

रोज पितो ते लाल फुलांचं सरबत, फक्त पाणी घालून पातळ केलेलं. शेख फेटा सावरत मागच्या दाराने गेला, एक बदक त्याच्यामागे.

हकीमाने आधी केंद्रातल्या डॉक्टरांना बाळी दाखवली. मग बदरियाच्या उघड्या छातीवर तिला पालथं ठेवलं. “नुसती बोंडशी नको, भोवतालचा काळा भागही तोंडात जाऊ दे. ओढलं की दूध येतं, नाही ओढलं की आटतं, एवढीच जादू. पिवळं दूध नासकं नसतं, तोच पहिला खजिना. बाळाचं पोट केवढं? बोराएवढं! म्हणून घडीघडी मागतं. दिवसरात्र, मागेल तेव्हा पाज. साखरपाण्याने पोट भरतं आणि ओढणं थांबतं.”

दुसऱ्या दिवशी बाळीने हाज्जाचा नवा काळा झगा भिजवला. मी म्हटलं, “वांगी आणू का, थांबवायला?”

हाज्जा हसली नाही. तिने ओला झगा मुठीत धरला.

“माझा हमदी,” ती म्हणाली. “पहिला. याच शेखच्या बापाने साखरपाणी सांगितलं होतं. मला दूध होतं गं. झगा भिजायचा. मी पिळून मातीत टाकत होते. नवव्या दिवशी…”

सातव्या दिवशी मेणबत्त्या लावल्या. हाज्जाने सगळ्यांना बजावलं, हमीदा नावाची मेणबत्ती सगळ्यात लांब असेल. आणि बाळीची हमीदा झाली. अल्लाने आईच्या छातीत जे ठेवलं, ते वांग्याला भिऊन पळत नाही. देवाला माना, पण भांडं एकदा लिंबाने घासून बघा.

आणि कुणाच्या घरी तान्हं रडलं, आणि कुणी साखरेचा डबा काढला, तर हमदीची आठवण काढा.