आतून ओढलेलं दार

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, बिबट्या धरायचा. लांबीला दोन माणसं झोपतील एवढा आणि उंचीला माणसाच्या छातीपर्यंत. अंगभर लोखंडी गज, डोक्यावरही गज, आणि पुढच्या बाजूला वरून खाली पडणारं जड दार.

नारायणगावातल्या एका शेडमध्ये सुभाष नावाच्या वेल्डरनं मला जोडलं. एरवी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि द्राक्षबागेचे अँगल करायचा. पिंजरा पहिल्यांदाच करत होता, म्हणून फार जपून केला. माझ्या आत मागच्या बाजूला त्यानं एक लोखंडी पाटा बसवला. पाट्यावर पाय पडला की छतालगत गेलेली तार ओढली जायची, आकडा सुटायचा आणि दार धाडकन खाली यायचं. दार पडलं की खिट्टी आपोआप बसे. मग ते आतून उघडणं शक्यच नव्हतं आणि बाहेरून उचलायला दोन माणसं लागत.

माझी पहिली वर्षं कामाची गेली. जुन्नर आणि आंबेगावच्या किती शिवारांत मी बसलो असेन, ते आता आठवत नाही. माझ्यात नऊ बिबटे सापडले. प्रत्येक वेळी मला हार घालत, नारळ फोडत, लोक माझ्याभोवती उभे राहून फोटो काढत. तेव्हा मी आत कोंडलेल्या जनावराला अगदी जवळून बघत असे. बाहेर ज्याच्या नावानं अख्खं गाव घाबरायचं, तो माझ्यात आल्यावर कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. गज चावून चावून एकाचा सुळा तुटला होता. भीती कशी दिसते, हे मी तिथं शिकलो. कान मागे चिकटतात, अंग जमिनीला टेकतं आणि समोर जो दिसेल तो शत्रू वाटतो.

मग नवे, हलके पिंजरे आले. मला पिंपळवंडीजवळच्या एका वस्तीवर, उसाच्या कडेला ठेवलं होतं. तिथून न्यायला कुणी आलंच नाही. दोन पावसाळे माझ्यावरून गेले. चिखल आत शिरला, वाळला आणि त्यात माझा पाटा गच्च रुतून बसला. कुत्रं येऊन त्यावर झोपलं तरी तो हलत नसे. दार मात्र तसंच वर, आकड्याला टांगलेलं होतं. वस्तीवरच्या बाया माझ्यावर गोधड्या वाळत घालू लागल्या.

या वस्तीवर अंजना आणि वैजयंती या दोघी जावा राहत. अंजना थोरली, पन्नाशीची, अंगानं दणकट. वैजयंती तिच्याहून वीस वर्षांनी लहान. तिची मुलगी संस्कृती नुकतीच बालवाडीत जाऊ लागली होती. त्या वर्षी बिबट्याच्या धास्तीनं बाया एकट्यादुकट्या रानात जात नव्हत्या. खुरपताना काहीजणी गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालत. या दोघी एकमेकींना पाठ लावून बसायच्या आणि सारखं बोलत राहायच्या, म्हणजे जनावर आवाजानं लांब राहील.

मार्गशीर्षातली दुपार होती. शेजारच्या तुकड्यात ऊसतोड चालू होती आणि या दोघी माझ्यापासून वीसेक पावलांवर कांदा खुरपत होत्या. ऊस सळसळला. अंजनानं मान वर केली. पाचटातून बिबट्याची एक मादी बाहेर आली होती. तिचे कान मागे चिकटलेले होते. ती भुकेनं आलेली नव्हती, हे मला कळलं. पण त्या दोघींना ते कसं कळावं?

"वैजे, पळ!" अंजना ओरडली.

दोघी माझ्याकडेच पळाल्या, कारण जवळ दुसरं काहीच नव्हतं. वैजयंती पुढं होती. ती वाकून आत शिरली. तिच्यामागे अंजना होती, फार तर पाच पावलांवर. आणि त्याच क्षणी वैजयंतीनं हात वर करून छतालगतची तार धरली आणि सगळं वजन टाकून खाली ओढली.

दार पडलं. खिट्टी बसली.

अंजना दारावर येऊन आदळली. तिनं ते उचलायला बघितलं, पण ते तिला एकटीला कसं उचलता येणार? मग ती गजांवर पाय देत माझ्यावर चढू लागली. मादीनं झेप घेतली आणि तिची पोटरी पकडली. अंजनानं हातातलं खुरपं गजांवर आपटायला सुरुवात केली, ती आपटतच राहिली. आत वैजयंती डोळे मिटून, गज घट्ट धरून वाकून उभी होती.

एवढ्यात दादाभाऊ नावाचा शेजारी हॉर्न दाबून धरत ट्रॅक्टर घेऊन बांधावरून आला. मादीनं पाय सोडला आणि ती उसात गेली. दुसऱ्या दिवशी तोडणीवाल्यांना तिथंच तिची दोन पिल्लं सापडली.

अंजनाच्या पोटरीला बावीस टाके पडले. ती जगली, पण पाय ओढत चालू लागली. वैजयंतीच्या उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी होऊन सुजली होती. दारात सापडली असतील, असं सगळे म्हणाले. दार कसं पडलं, असं जो तो विचारी, आणि दादाभाऊ सांगे, "पाट्यावर पाय पडला आसंल पोरीचा. ती काय करणार, राव? नशीब एकेकाचं!" वैजयंती खाली मान घालून ऐकत असे. हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

तिनं माझ्याकडं येणं बंद केलं. पाण्याला जायची ती लांबच्या वाटेनं.

महिन्यानं मला हलवायचं ठरलं. वनखात्याचा मजूर कुंडलिक मला साफ करायला आला. अंजना काठी टेकत चहा घेऊन आली होती. कुंडलिकनं पाट्यावर पाय दाबला, मग वाकूनच दोन्ही पायांनी दाबला.

"हा तर जाम हाये," तो म्हणाला. "वरीस दोन वरीस हालला नसंल. मंग दार पडलं कसं, काकू?"

अंजनानं पाट्याकडं बघितलं. मग वर तारेकडं बघितलं. "मला काय म्हाईत, बाबा," एवढंच ती बोलली आणि रिकामा कप घेऊन निघून गेली.

संध्याकाळी, ऊन अजून बांधावर असताना, ती वैजयंतीला घेऊन आली. दोघी माझ्यापाशी उभ्या राहिल्या. अंजना काहीच विचारत नव्हती. शेवटी वैजयंतीच बोलली.

"आक्का, मी वढलं दार."

"म्हाईत झालंय मला."

"लोकांना कळलं तर म्हंतील, ल्हान पोर हाये तिला, पोरीची आठवण आली आसंल." वैजयंतीनं मान हलवली. "न्हाई आक्का. पोरगी न्हाई आठवली. कुणीच न्हाई आठवलं. तुमी मागं हाय, ते दिसत व्हतं मला. दिसत आसून हात वर गेला. त्यो हात माझा व्हता का, तेच कळत न्हाई."

अंजना दाराच्या चौकटीवर टेकली आणि दुखरा पाय पुढं पसरून बसली.

"पाय ठणकतो ना, तवा तुझा राग येतो," ती म्हणाली. "लई येतो. आत्ता बी आलाय. खोटं कशाला बोलू?" तिनं पोटरी चोळली. "पन तुझी बोटं दारात न्हाई सापडली, वैजे. वर चढताना मी तुझ्या बोटांवर पाय दिला. गजाला धरलं व्हतंस तू. मला दिसत व्हती बोटं. बाजूला ठेवता आला आसता पाय. न्हाई ठेवला. दाबून दिला आन् चढले."

वैजयंतीनं आपल्या बोटांकडं पाहिलं. "मला वाटलं, तुमाला कळलं नसंल."

"कळलं व्हतं. आन् तुला कळलं व्हतं, तर सांगितलं का न्हाई कुणाला?"

"कुठल्या तोंडानं सांगू?"

वैजयंती रडली. अंजना रडली नाही. उठताना तिला आधार लागला, तेव्हा तिनं वैजयंतीपुढं हात केला आणि वैजयंतीनं तो दोन्ही हातांनी धरला.

सगळं काही पूर्वीसारखं झालं, असं मी सांगणार नाही. पुढं चार दिवस मी तिथं होतो. त्या चार दिवसांत दोघी रोज कांद्यात यायच्या, एकमेकींना पाठ लावून बसायच्या, पण बोलणं कमी असे. चौथ्या दिवशी मात्र गप्प राहणं दोघींनाही धोक्याचं वाटलं असावं. अंजनानं तिला संस्कृतीच्या बालवाडीतलं गाणं म्हणायला लावलं. वैजयंती ते चुकत चुकत म्हणत राहिली.

आता मी आंबेगाव तालुक्यात आहे. माझा पाटा धुऊन, तेल घालून मोकळा केला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या लोखंडाची निगा राखणं सोपं असतं. घाबरलेल्या माणसाची निगा राखणं अवघड. जीव वाचवताना हात काय करून बसतो, पाय कुठं पडतो, हे त्याला दिसत असूनही आवरता येत नाही, आणि नंतर आयुष्यभर तेच डोळ्यांपुढं राहतं. म्हणून अशा माणसाला चार लोकांत उभं करून जाब विचारू नका. आणि खोटं सांगून त्याचं समाधानही करू नका. त्याच्याजवळ बसा. तो आपणहून बोलेपर्यंत थांबा. बोलायला लागला की मधेच उठून जाऊ नका.