रोज दोन सेकंद उशिरा

नलिनीचा नवरा अनिरुद्ध गेला त्याला तीन वर्षं झाली, तरी मुलुंडच्या त्या घरात त्याचा कॉम्प्युटर रोज सकाळी आपला आपण सुरू होई. आधी पंखा घरघरे, मग बाहेरच्या खोलीत निळा उजेड पडे.

नलिनीला त्याची भीती वाटत नसे. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली बाई ती. त्यामागचं कारण तिला ठाऊक होतं. यंत्र सुरू व्हायला दहा मिनिटं घेई, म्हणून अनिरुद्धने मदरबोर्डातच पाच चाळीसचा गजर लावला होता. "दात घासून येईपर्यंत हा तयार," म्हणायचा. तो गेल्यावर तिने नेट बंद केलं, तेव्हापासून यंत्रातलं घड्याळ नेटवरून जुळलं नव्हतं. रोज दोन सेकंद मागे पडत त्याचे पाच चाळीस आता सहा सोळाला होत होते. तिने वहीत टिपून ठेवलं होतं. उशिरा का होईना, येत होता.

पण आताशा शिकवणीची प्रश्नपत्रिका अर्ध्यावर आली की यंत्र बंद पडे. दोनदा मुलांना परीक्षेविना घरी पाठवावं लागलं, तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून किरणला बोलावलं.

त्याने झाकण काढलं. "वाट लागलीय काकू. कपॅसिटर बघा कसे फुगलेत. बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून चौदा हजार."

"हाच दुरुस्त केला तर?"

"महिनाभर चालेल. मग मलाच शिव्या घालाल."

"नव्यात सगळं राहील?"

"फोटो, पेपर, सगळं. डिस्क तीच ना!"

"आणि सकाळचा गजर?"

"तो बोर्डाबरोबर जाणार. नव्यात टाकून देतो, त्यात काय! किती वाजताचा?"

पाच चाळीस म्हणावं, तर मधली तीन वर्षं पुसली जात होती. सहा सोळा म्हणावं, तर ती वेळ त्याने कधी लावलीच नव्हती.

"गजर नको. बोर्ड बदल."

संध्याकाळी काम झालं. जुन्या बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढायला किरणने नख लावलं.

"सेल राहू दे."

"घड्याळ उगाच चालत राहील, काकू."

"चालू दे."

तिने तो बोर्ड कपाटात, अनिरुद्धच्या शर्टांवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहालाच ती कपाटासमोर खुर्ची ओढून बसली. सहा सोळा झाले. आत, अंधारात, गजर झाला असणार. उठवायला समोर काहीच नव्हतं. ना पंखा, ना उजेड. बराच वेळ ती कान देऊन बसली. मग बाहेरच्या खोलीत गेली आणि सकाळचं बटण पहिल्यांदाच स्वतः दाबलं.

कॉम्प्युटर दहा सेकंदांत तयार झाला. तिचे अजून दात घासायचे होते.