मनीची खोकी

कॉलेजच्या वाचनालयासाठी पैसे उभे करायला मुली दरवर्षी चॉकलेटची सजवलेली खोकी विकायच्या, आणि खोकी म्हटलं की ताईच. घरात थोरली म्हणून ताई, पुढे सगळा वर्गच तिला ताई म्हणू लागला. दोन वर्षं तिथे तिचाच शब्द शेवटचा होता. यंदा आत्याला लांब नोकरी लागली आणि आत्याची मुलगी ताईच्या घरी राहायला आली. ताईहून आठ महिन्यांनी लहान, त्याच वर्गात. पावलं न वाजवता चालायची म्हणून तिला सगळे मनी म्हणत.

मनीने डिंकाचा थेंबही न लावता, नुसत्या घड्या घालून खोकं उभं केलं. झाकण मिटलं की चार पाकळ्या एकमेकींत अडकायच्या. विक्रीचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या बाईंनी ते तळहातावर फिरवून पाहिलं.

"यंदा अशीच करायची. ताई, तू भरायचं बघ."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात घरी आई म्हणाली, "पोरीच्या बोटांत जादू आहे." ताई अर्ध्या ताटावरून उठली.

विक्रीच्या सकाळी टेबलावर मनीची पांढरीशुभ्र खोकी रांगेत मांडलेली. चॉकलेटात लोणी भरपूर, म्हणून आधी तळाला बटर पेपर घालायचा. ताईने दोन खोकी नीट भरली. तिसऱ्याला तिचा हात कागदाच्या गठ्ठ्याकडे गेलाच नाही. मग चौथ्यालाही नाही. मग कुठल्याच नाही.

तासाभरात खोक्यांच्या तळाला आणि बाजूंना तेलकट डाग पडले.

"हे कसं झालं?" बाईंनी विचारलं.

"घडीच्या खोक्याला जाड पुठ्ठा लागतो, बाई. हा पातळ आहे," ताई म्हणाली. खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

मनीने एक खोकं उघडून आत पाहिलं. मग बटर पेपरच्या न संपलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. ताईने नजर वळवली. पण मनी एवढंच म्हणाली, "आतून बटर पेपर घालू आणि डागांवर बाहेरून रंगीत कागद चिकटवू. ताई, गोल तू काप. तुझ्याइतकं सफाईने कुणाला जमणार नाही."

ताईने लाल-निळे गोल कापले, आणि ते खरोखर सुरेख झाले. दुपारपर्यंत सगळी खोकी खपली. बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली ती मनीची. "ऐनवेळी डोकं चालवलंस हो." स्वतःची करणी ठाऊक असूनही ताईला पुन्हा तसाच हेवा वाटला.

घरी जाताना तिने विचारलं, "तुला कळलं होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

मनी चालतच राहिली. "सांगून कुठे जाऊ? मामीच्या घरी, तुझ्याच शेजारी जेवायला बसायचंय मला. तुझं घर आहे, ताई. तू रुसलीस तरी चालतं."

 दुसऱ्या दिवशी ताईने बाईंना सगळं सांगून टाकलं. 

"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी सगळं मनीच बघेल."

ते ताईला झोंबलं. अजूनही झोंबतंय, याची तिला जास्त लाज वाटली.