अठ्ठावन्नचा आकडा

तपासणी केंद्रात रक्त घेणाऱ्या ताईंच्या बावीस वर्षांच्या नोकरीत बाटल्यांची अदलाबदल एकदाच झाली होती, तीही गेल्या महिन्यात. मालकांनी ते मनात धरून ठेवलं होतं. पुन्हा असं झालं तर कायमचं घरी बसा, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं. त्यामुळे तपासणीला आलेल्या एका बसड्रायव्हरची उपाशीपोटीची साखर अठ्ठावन्न आली, तेव्हा ताईंनी बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं. तीन महिन्यांपूर्वी याच माणसाची साखर दोनशे दहा होती.

मालकांनी आकडा पाहिला आणि निकालच देऊन टाकला, की हे दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त आहे.

ताईंना राग आला. राग आला की त्यांचा हात जास्तच स्थिर व्हायचा. बाहेर ड्रायव्हर बायकोशेजारी घाम पुसत बसला होता. मालकांसमोरच त्यांनी त्याच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावर सत्तावन्न.

आधी त्याला ग्लासभर साखरपाणी पाजलं, मग नवीन औषध काही चालू आहे का, असं विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. बायकोने कौतुकाने सांगितलं, की औषध कसलं, डेपोचे जिने चढून चढून अकरा किलो उतरवलेत.

ताईंनी असे जिने पुष्कळ ऐकले होते. "दादा, उद्या गाडीत चाळीस माणसं असतील आणि तुम्हाला चक्कर येईल," त्या म्हणाल्या. "जिन्याचं राहू द्या. खरं सांगा."

ड्रायव्हरने बायकोकडे बघायचं टाळलं. "दर आठवड्याला पोटात इंजेक्शन घेतो. वजनाचं. साखरेची जुनी गोळीही चालूच आहे."

म्हणजे जेवण निम्म्यावर, इंजेक्शनाने साखर आधीच उतरलेली, आणि वर ती गोळी तिला आणखी खाली ओढणारी. त्याच्या डॉक्टरांना याचा पत्ताच नव्हता. ताईंनी लगेच फोन लावला. डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथे थांबवली आणि आज गाडीला हात लावायचा नाही, असं बजावलं. बायको तोंडात बोट घालून बसली होती.

बाटली बरोबर होती, असं मालक हळूच म्हणाले. ताईंनी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं, सगळ्यांदेखत, जसं सुनावलं होतं तसंच. ताईंचा ऊर अभिमानाने भरून आला होता आणि ते लपवायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती.

मग नोंदणीच्या कागदावर त्यांनी पेनाने एक ओळ वाढवली, वजन कमी करायचं औषध घेता का? मालकांच्या कमरेच्या पट्ट्याला पडलेली दोन नवी भोकं त्या महिनाभर पाहत होत्या. कागद त्यांनी मालकांपुढेच सरकवला.

"साहेब, सुरुवात तुमच्यापासून करू?"