दाखवण्यापुरती काडी

त्या सोमवारी बळवंतराव शिर्क्यांच्या घरात दोन मुलं खोकत होती. पण आजारी एकच होतं. पाच वर्षांचा ध्रुव आजारी होता. नऊ वर्षांच्या मैत्रेयीला नुसता ताप होता.

"मुली चिवट असतात," बळवंतरावांनी नातीचं निदान केलं.

ते स्वाइन फ्लूचं साल. बडोद्यात सयाजीगंजातल्या एका दवाखान्यात नाकात काडी फिरवून पाव तासात फ्लू आहे की नाही ते सांगत. बळवंतरावांच्या मुलाने, उत्कर्षने, ध्रुवला स्कूटरवर पुढे उभं केलं. मुलीला मागे बसवलं, भावाला सोबत म्हणून.

काडी बघताच ध्रुवने दवाखाना डोक्यावर घेतला.

"आधी ताईला करून दाखवा," उत्कर्ष म्हणाला.

मैत्रेयीने मान वर केली. काडी खोलवर फिरली. डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हसली. "बघ ध्रुव, गुदगुल्या होतात."

डॉक्टर मैत्रेयीची काडी धरून थांबले. तापली तर तीही होती. "बेबीनी पण टेस्ट करी लउं ने? ताव तो एने पण छे."

"ना रे ना, ए तो खाली बताववा माटे!" उत्कर्ष म्हणाला.

मैत्रेयीची दाखवण्यापुरती काडी कचऱ्याच्या डब्यात गेली. ध्रुवची तपासली. फ्लू नव्हता.

घरी पेढे आले. "हिचीही करून आणा ना," मुलांची आई निरुपमा म्हणाली.

"अगं, घर एक, हवा एक. त्याला नाही, म्हणजे हिलाही नाही," नवरा म्हणाला. तो विज्ञानाचा पदवीधर होता. निरुपमाने पुन्हा विचारलं नाही. मैत्रेयीला भावाच्या तब्येतीचा पेढा मिळाला. तो तिला गिळवला नाही.

गुरुवारी तिचे ओठ निळे पडले. मोठ्या इस्पितळात पुन्हा काडी फिरली. या वेळी तपासलीही. फ्लूच होता. औषध सुरू झालं, पण फुप्फुसांनी त्याची वाट पाहिली नाही. दोन दिवसांत मैत्रेयी गेली.

भेटायला आलेली माणसं हळहळली. "मुलगा तरी वाचला, देवाची कृपा."

"त्याला काही झालंच नव्हतं," निरुपमा म्हणाली.

मांडीवरच्या ध्रुवने वर बघितलं. "आई, ताईच्या पहिल्या काडीत काय आलं?"

"श्श, बेटा," बळवंतराव पुटपुटले. "त्याला आत ने, सूनबाई."

निरुपमा उठली नाही. "मला नाही माहीत, राजा. आजोबांना विचार. मग बाबांना."

ध्रुवने भरल्या बैठकीत दोघांनाही विचारलं. तो अजूनही विचारतो, पाहुणे असले तरी. निरुपमा त्याला गप्प करत नाही.