डावीकडून चौथी

वर्नानं दुधाच्या कॅनचं झाकण दोन्ही हातांनी पिळून पाहिलं. ते जागचं हललं नाही. मग तिनं भिंतीचा आधार घेत पायातला बूट काढला आणि टाचेनं झाकणाच्या कडेवर दोन सणसणीत ठोके दिले.

"मिसेस नॉर्डल, हळू!" थिएटरची व्यवस्था बघणारी डॅना तिकीटखिडकीतून ओरडली. "आणि आत डोकवायचं नाही हं. नियम ठाऊक आहे ना?"

"तुझी आई जन्मायच्या आधीपासून ठाऊक आहे," वर्ना म्हणाली आणि बूट पुन्हा पायात चढवला.

नियम साधा होता. सेज बेंड गावात ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दुपारी 'आपला सिनेमा' लागायचा. त्याला दुसरं, चांगलं लांबलचक नावही होतं, पण ते फक्त बाहेरच्या पाटीवर. बासष्ट वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाची सिनेमावाली मंडळी अकरा दिवस ह्या खोऱ्यात येऊन, गावातल्याच मुली घेऊन गाणी आणि नाच चित्रित करून गेली, तेव्हापासून तो आपला. सिनेमा संपला की प्रत्येकानं एका कार्डावर आपलं मत लिहून कॅनमध्ये टाकायचं. नाव घालायचं नाही. कॅन वर्षभर बंद राहायचा आणि पुढच्या ऑगस्टमध्ये, खेळाआधी, ती कार्डं रंगमंचावरून मोठ्यानं वाचली जायची. वाचून झालेलं कार्ड तिथल्या तिथे लोखंडी शेगडीत. म्हणजे कोण काय म्हणालं ह्यावरून कुणाचं कुणाशी बिनसायला नको.

तरीही वर्नाचं बिनसलं होतं. एका कार्डावरून, आणि तेही पुष्कळ वर्षं.

ते कार्ड दर वर्षी यायचं. शब्दही तेच. 'तिसऱ्या नाचात डावीकडून चौथी मुलगी चुकते.' एवढंच. पहिल्यांदा ते वाचलं गेलं तेव्हा थिएटर हसलं, कारण ती चौथी मुलगी, म्हणजे वर्ना, तिथेच पाचव्या रांगेत बसली होती. पुढे पुढे लोक त्या कार्डाची वाट बघायला लागले. एल्डन सेथर, गावचा न्हावी, तीस वर्षं कार्डं वाचत होता. ते हाती लागलं की तो उगाच खाकरायचा, चष्मा पुसायचा, आणि आख्खं गाव त्याच्याबरोबर एका सुरात ते वाक्य म्हणायचं. वर्नाही हसायची. हसली नसती तर आणखी हसले असते.

"बूट घट्ट होते," ती दर वर्षी सांगायची. "स्टुडिओवाल्यांनी एक नंबर लहान दिले होते."

लिहिणारी कोण, ह्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. नाचात डावीकडून तिसरी होती लोरेन पेट्रिक, आणि वर्नाचं चुकलेलं पाऊल पडलं होतं ते लोरेनच्याच पायावर. तेव्हा दोघी सतरा वर्षांच्या, शाळेत एका बाकावर बसणाऱ्या. पडद्यावर बघणाऱ्याला जेमतेम डोळ्याची पापणी लवते एवढा वेळ ती चूक दिसते. ती इतकी वर्षं लक्षात ठेवणार दुसरं कोण? उघड भांडण कधी झालं नाही. पण वर्नानं चोकचेरीच्या, म्हणजे रानातल्या आंबट फळांच्या, जेलीची बाटली तिच्याकडे पाठवणं बंद केलं, चर्चमध्ये बाक बदलला, आणि लोरेन दिसली की तिचं बोलणं एकदम हवापाण्यावर यायचं.

घरी येऊन ती तणतणायची तेव्हा ऑर्व्हिल, तिचा नवरा, बुटांचे बंद सोडत बसलेला असायचा.

"काय मिळतं रे तिला?" वर्ना म्हणायची. "सांग ना, काय मिळतं?"

"कोण जाणे," ऑर्व्हिल म्हणायचा. "नजर मात्र चांगली आहे लिहिणाऱ्याची."

त्याला काय विचारायचं? तो शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसायचा आणि दिवे मालवायच्या आत हॅट डोळ्यांवर ओढायचा. दिवसभर गवत कापून आलेला माणूस. नाचगाण्यात मला डुलकी लागते, असं तो स्वतःच सांगायचा. गेल्या ऑगस्टमध्ये तो बिलिंग्जच्या हॉस्पिटलात होता, वर्ना त्याच्या उशाशी. ऑक्टोबरात तो गेला. ह्या वर्षी तिला सिनेमाला यायचंच नव्हतं. पण एल्डनची नजर गेली होती, तो वृद्धाश्रमात होता, आणि तिथून त्यानं निरोप धाडला होता: यंदा कार्डं वर्ना वाचेल, दुसरं कुणी नाही.

निरोप ऐकला आणि तिच्या मनात आलं, चालून आलेली संधी आहे. ते कार्ड ह्या वेळी तिच्या स्वतःच्या हातात पडणार होतं. म्हणून तिच्या खिशात आज लोरेनचं नाताळचं भेटकार्ड होतं, बर्फातल्या लाल पक्ष्याचं. अक्षराशी अक्षर ताडून बघायचं आणि लोरेनकडे नुसतं एकदा बघायचं. भर सभेत. बस, बाकी काही नको.

लोरेन स्वतःच कॉफीचा पेला घेऊन समोर आली.

"बरी आहेस?"

"ऊन फार आहे यंदा," वर्ना म्हणाली.

"हो." लोरेन पेल्याकडे बघत राहिली. "गेल्या वर्षी तुम्ही दोघं तेवढे नव्हता. बाकी झाडून सगळे आले होते. चुकल्याचुकल्यासारखं झालं."

तू होतीस ना, मग झालं, असं वर्नाच्या जिभेवर आलं होतं. तिनं कॅन उचलला आणि आत गेली.

रंगमंचावर एक स्टूल होतं, शेजारी थंड शेगडी, शेगडीत काड्यापेटी. वर्नानं पहिलं कार्ड काढलं.

"'नायक उलट्या, उजव्या बाजूनं घोड्यावर चढतो. घोडा सभ्य होता म्हणून निभावलं.'"

लोक हसले. तिनं दुसरं काढलं.

"'एवढ्या दोन तासांत एकदाही वारा सुटत नाही. हे आपलं खोरं असूच शकत नाही.'"

"बरोबर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"'नायिकेचा एप्रन शेवटपर्यंत पांढरा शुभ्र. गाई कोण दोहत होतं?'"

"'नवव्यांदा पाहिला, नवव्यांदा रडले. ह्यांना सांगू नका.'" ह्यावर तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा वळून बायकोकडे बघायला लागला, तेव्हा हशा बराच वेळ थांबेना.

"'घोडे छान आहेत. माणसं फार गातात.'" हे पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या अक्षरात होतं.

वर्ना वाचत होती आणि प्रत्येक कार्ड शेगडीत टाकण्याआधी डोळ्यांच्या कोपऱ्यातून अक्षर तपासत होती. हे नुसतं 'बरा आहे' म्हणणारं, हे गाईंच्या जातीबद्दल तक्रारीचं, हे पर्वत रंगवलेले आहेत म्हणून नाक मुरडणारं. मग गोल, उजवीकडे झुकलेलं, ओळखीचं अक्षर हातात आलं. लोरेनच होती.

"'तेव्हा आपण किती हसायचो,'" वर्नानं वाचलं.

एवढंच होतं त्यावर. तिनं कार्ड उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

पाच-सहा कार्डं उरली. ती तिनं वाचली. मग हात घातला तो थेट पत्र्याला लागला. तिनं कॅन तिरपा केला, तळ चाचपला, कडेकडेनं बोटं फिरवली. कॅन रिकामा होता.

"चौथीचं राहिलं!" मागून आवाज आला.

"खाकर ना, वर्ना! एल्डन खाकरायचा!"

लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली. वर्ना कॅनमध्ये हात घालून तशीच उभी राहिली. लोरेन गेल्या वर्षी आली होती. तिनं कार्डही लिहिलं होतं. सगळे आले होते, झाडून सगळे. तुम्ही दोघं तेवढे नव्हता.

तिनं नकळत शेवटच्या रांगेकडे बघितलं. कडेच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. गावानं ती ह्या वर्षी रिकामी ठेवली होती.

नजर मात्र चांगली आहे लिहिणाऱ्याची.

तो झोपत नव्हता तर. हॅटच्या कडेखालून बघत होता, दर वर्षी, आणि घरी येऊन बुटांचे बंद सोडत तिचं तणतणणं निमूट ऐकून घेत होता. मेल्या माणसाचा राग येतो तसा तिला त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी तो इथे नाही ह्याचं असं दुःख झालं, जसं ऑक्टोबरातही झालं नव्हतं.

लोक वाट बघत होते. वर्नानं कॅनमधला हात बाहेर काढला, खिशात घातला आणि हाताला लागलं ते कार्ड डोळ्यांसमोर धरलं. त्यावर गोल, झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: एकटी बसू नकोस. रविवारी जेवायला ये. ती गेली नव्हती.

ती खाकरली. चष्मा काढून पुसला, आणि तो खरंच पुसायला हवाच होता.

"'तिसऱ्या नाचात,'" तिनं सुरुवात केली, आणि दोनशे माणसांनी तिच्याबरोबर वाक्य पुरं केलं.

टाळ्या पडत असताना तिनं ते कार्ड शेगडीत टाकलं नाही, पुन्हा खिशात ठेवलं. पहिल्या रांगेत लोरेन टाळ्या वाजवत नव्हती. ती त्या लाल पक्ष्याकडे बघत होती.

शेगडी पेटली, विझली, दिवे मालवले आणि सिनेमा सुरू झाला. इतकी वर्षं तिसरा नाच आला की वर्ना स्वतःच्या पायांकडे बघायची. आज तिनं पायांकडे बघितलं नाही. पिवळ्या फ्रॉकातली सतरा वर्षांची मुलगी गिरकी घेऊन पुढे आली. इतर अकरा जणी सांगितल्याप्रमाणे नायकाकडे बघत होत्या. ही एकटी चौकटीच्या बाहेर बघत होती, उजवीकडे. तिथे स्टुडिओचे चार घोडे लगामाला धरून खोऱ्यातलाच एक पोरगा उभा होता, उन्हानं कान भाजलेला, हॅट मागे सरकवलेला ऑर्व्हिल. पडद्यावर तो कधीच दिसला नाही. दिसत होतं ते फक्त मुलीचं तोंड, आणि ती कशी हसली ते. मग पाऊल चुकलं.

खेळ संपल्यावर बाहेर गर्दीत लोरेननं तिला गाठलं.

"माझं नाताळचं कार्ड तुझ्या खिशात काय करत होतं?"

वर्नाला खोटं बोलता आलं असतं. "अक्षर ताडून बघणार होते. मला वाटायचं, तू लिहितेस."

"मी?" लोरेनचं तोंड उघडंच राहिलं. "इतकी वर्षं? जेली त्यामुळे बंद झाली होय?"

"हो."

"अग बाई, मला वाटलं बाटल्या परत केल्या नाहीत म्हणून." लोरेन हसायला लागली होती, पण वर्नाचा चेहरा बघून थांबली. "मग लिहितं कोण?"

वर्नानं दारातून आत बघितलं. लोरेननं तिच्याकडे नीट पाहिलं, मग आतल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि पुन्हा विचारलं नाही.

"रविवारी कोंबडी करतेय," ती म्हणाली.

"रुबार्बची गोड पाई भाजून मी आणते. जेली अजून व्हायची आहे, चोकचेरी पिकायच्या आहेत."

डॅनानं कोरी कार्डं टेबलावर मांडली होती. बासष्ट वर्षांत वर्नानं एकदाही कार्ड लिहिलं नव्हतं. आपल्याच नाचाबद्दल काय लिहायचं, म्हणायची. तिनं पेन उचललं आणि पहिली ओळ सवयीच्या शब्दांत लिहिली: तिसऱ्या नाचात डावीकडून चौथी मुलगी चुकते.

मग खाली लिहिलं: बूट घट्ट नव्हते.