कोरडं जाळं

"इसमें क्या है?" पुणे विमानतळावर तपासणीच्या बाई आत्याच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारत होत्या. मागे रांग खोळंबली होती.

"जाळं हाय," आत्या म्हणाली. "मासं धरायचं."

मी लगेच पुढे सरकले. या प्रवासात हिंदी बोलायचं खातं माझ्याकडे होतं. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, आणि लंकाआत्याला शेवगावहून थेट अंदमानला तिच्या मुलाकडे, प्रवीणदादाकडे, पोचवायची जबाबदारी पप्पांनी माझ्यावर टाकलेली. विमान उडायच्या आधीच मी उडत होते.

"मॅडम, फिशिंग नेट," मी म्हणाले, जसं काही मी रोजच जाळं घेऊन विमानात बसते. खरं तर आत्याने मला पिशवीत बाजरीच्या खारोड्या आहेत असं सांगितलं होतं.

बाईंनी जाळं बाहेर काढलं. कडेचे शिशाचे मणी ट्रेमध्ये खळखळले. त्यांनी एक घडी उचलून नाकाशी नेली आणि हसल्या. "मछली की बू तो है ही नहीं."

"वास येत नाही म्हणतात," मी आत्याला सांगितलं. मला वाटलं ही चांगलीच बातमी आहे. बाईंनी आम्हाला सोडलंसुद्धा. पण आत्याचा चेहरा असा उतरला, जसं काही तिला कुणी भर बाजारात बोल लावला.

विमानात तिने पिशवी मांडीवरच धरली.

"आणि खारोड्या?" मी विचारलं.

"खाली हायेत की. तुला काय खोटं बोलले व्हय मी?" मग खिडकीकडे बघत ती म्हणाली, "तुझ्या मामाचं हाय. त्येंच्या माघारी वलंच झालं न्हाई. मग वास कुठनं येनार?"

आत्याचे मालक म्हणजे आमचे कारभारी मामा. जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर त्यांनी जन्मभर मासे धरले. जाळी विणायची आत्याने, फेकायची मामांनी. ती काठावर टोपली घेऊन उभी आणि ते गुडघाभर पाण्यात, असा त्यांचा संसार. मामा पाण्यात गेले नाहीत, नगरच्या दवाखान्यात गेले, छातीच्या दुखण्याने. माघारी राहिलं हे जाळं. आत्याच्या सासरी रीत अशी की गेलेल्या माणसाचं जाळं घरातल्या कुणी पाण्यात घालायचं नाही, बाहेरच्याला देऊन टाकायचं. मागायला पुष्कळ जण आले. आत्याने कुणालाच दिलं नाही.

"शेजारचा सूर्यभान आलता मागायला," ती म्हणाली. "त्यो काय त्यानं मासं धरनार हाय? शेळ्यांना कुंपन करील. तुझा मामा म्हनायचा, लंके, एकदा हे खाऱ्या पान्यात टाकून बघू. जमलंच न्हाई. मग म्हनलं, तिथल्याच कुनाला तरी द्यावं, जो टाकील त्याला."

मी तिचा हात धरला आणि म्हणाले की हे काम झालंच समज. तेव्हा मला समुद्राबद्दल काहीच माहीत नव्हतं.

प्रवीणदादा लष्करात ड्रायव्हर आहे. त्याने पोर्ट ब्लेअरच्या क्वार्टरमध्ये जाळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आई, तू हितं जाळं आनलंस? म्हंजे ऊस घेऊन कारखान्याला आलीस."

"मग ऊस कुठं नेत्यात?" आत्या म्हणाली.

दादाला हसावंच लागलं. रविवारी तो आम्हाला बोटीने एका छोट्या बेटावर घेऊन गेला. तिथे आंध्रातून येऊन राहिलेल्या मच्छीमारांची लहान लहान गावं आहेत.

आता ते पाणी कसं सांगू. आमच्या फुगवट्यात पावसाळ्यात हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. इथे खाली वाळूवर आमच्या बोटीची सावली आमच्याबरोबर चालत होती. मी तोंडाने सारखं "बापरे, बापरे" करत होते. उतरल्यावर आत्याने ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि ओंजळीकडे बघत राहिली.

"खरंच खारट हाय की," ती म्हणाली. "सगळंच आसंल?"

"सगळंच, आई," दादा म्हणाला.

"एवढं मीठ..."

गावात शिरलो तर किती शांतता. आमच्याकडे गाव यायच्या आधी त्याचा स्पीकर येतो. इथे नारळाच्या झावळ्या हलत होत्या, लाकडी खांबांवर उचललेल्या घरांखाली कोंबड्या फिरत होत्या आणि दोऱ्यांवर मासळी वाळत होती. एक म्हातारा होडीच्या फटीत डांबर भरत बसला होता. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला. मला वाटलं, इथे मोठ्याने बोललं तर काहीतरी तडकेल. आणि मी तर मोठ्यानेच बोलते. पण तिथे मीही कुजबुजत होते.

दादाने त्या म्हाताऱ्याला जाळ्याचं विचारलं. त्याने धागा बोटांत चोळला, मणी हातात तोलले. "हलका है," तो म्हणाला. त्यांची जाळी मोठी, इंजिनच्या होडीतून टाकायची. पुढे दोघा तरुणांना विचारलं. त्यांनी आदराने हात जोडले, हसले आणि नको म्हणाले. एकाने तर विकत मासे हवेत का असं विचारलं.

"चल, आई," दादा हळूच म्हणाला. "बघितलास ना समुद्र? बास झालं."

आत्याने घडी पुन्हा नीट केली. पिशवी आता तिने खांद्याला लावली नाही, पोटाशी धरली. मला रडू येत होतं. काम झालंच समज, असं मीच म्हणाले होते ना.

गावाच्या टोकाला खाडी आत वळली होती. तिथे एक बाई साडी खोचून मांडीभर पाण्यात उभी होती. वय आत्याएवढंच. ती कमरेतून वळली आणि हातातलं जाळं तिने हवेत सोडलं.

आत्या जागीच थांबली. "बाई टाकतीय, सुकन्या."

"हो."

"बाई."

मी धावतच पाण्यात गेले, चपलांसकट. त्या बाईंचं नाव नुकालम्मा. त्यांचं हिंदी माझ्याहून तोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांनी काठावर येऊन मामांचं जाळं उलगडलं, एकेक गाठ बोटाने चाचपली आणि विणल्याची खूण करून भुवया उंचावल्या. आत्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग त्यांनी फेकल्याची खूण केली. आत्याने आभाळाकडे बोट दाखवलं.

नुकालम्मांनी जाळ्याच्या दोरीचा फास आपल्या हातात नाही, आत्याच्या डाव्या मनगटात घातला.

"न्हाई, न्हाई," आत्या मागे सरकली. "सांग तिला, आमच्यात बाया टाकत न्हाईत. आन हे तर मालकाचं."

मी सांगितलं. नुकालम्मांनी मान हलवली, समजलं अशी, आणि फास तसाच राहू दिला.

आत्याने दादाकडे पाहिलं. दादा खाली वाळूकडे बघत होता. "टाक की," तो म्हणाला. "तूच तर विनलंय."

आत्या पाण्यात उतरली. पहिल्यांदा जाळं गठ्ठा होऊन धपकन पडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तसंच. मग ती थांबली. डोळे मिटून उभी राहिली, जणू समोर कुणी फेकतंय आणि ती काठावरून बघतेय. तिने अर्धी घडी कोपरावर घेतली, अर्धी उजव्या हातात, आणि कडेचा एक मणी दातांत धरला. मामा तसाच धरायचे, हे मला नंतर कळलं.

ती वळली. दात सुटले, हात सुटला, आणि भाकरी हातावर फिरता फिरता मोठी होत जाते तसं ते जाळं हवेत मोठं होत गेलं, गोल, पूर्ण गोल, त्याच्या विणीच्या घराघरांतून आभाळ दिसत होतं. मग सगळे मणी एकदम पाण्याला टेकले, सर पडल्यासारखे.

मी ओरडलेसुद्धा नाही.

जाळ्यात चार-दोन चंदेरी मासे आले. आत्याने ते नुकालम्मांच्या टोपलीत टाकले. मग जाळं झटकलं, पिळलं आणि आपल्या हाताने त्यांच्या जाळ्याशेजारी, दोन नारळीच्या झाडांमधल्या दोरीवर पसरलं. नुकालम्मांनी एक वर आलेली गाठ सारखी केली. दोघींनी एकमेकींच्या भाषेत काहीतरी म्हटलं. ते मला कुणी भाषांतर करायला सांगितलं नाही.

परतीच्या बोटीत दादाने विचारलं, "जाळं?"

"ठिवलं. वलं हुतं."

गाव लहान होत गेलं. मी पर्समधून ओला रुमाल काढून आत्यापुढे धरला, तिच्या हातांना मासळीचा वास येत होता.

"राहू दे," ती म्हणाली.

मामा गेल्यापासून रिकाम्या असलेल्या तिच्या डाव्या मनगटावर दोरीचा लाल वळ उठला होता, बांगडीसारखा गोल. पोर्ट ब्लेअर येईपर्यंत तो हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता, आणि वाऱ्याने पदर त्यावर आला की ती तो अलगद बाजूला सारत होती.